उजवीकडे घे, डेलमर!

आमच्या ट्रेलर पार्कात कोंबडा नाही. आर्लिस ट्वेटन आहे. उजाडता उजाडता, ऊन तापायच्या आत ती आणि तिचा नवरा डेलमर फिरायला निघतात आणि माझ्या खिडकीखालून तिचा आवाज जातो. "पायरी आहे, डेलमर. उजवीकडे घे. अरे उजवीकडे! ओफेलियाची कुंडी आहे ती." ओफेलिया किहुइस म्हणजे मी. कुंडी माझी आणि मोडलेली झोपही माझीच.

मी याच वाळवंटातल्या आहो नावाच्या गावात जन्मले. वडील तांब्याच्या खाणीत, नवरा रोसेंदो खाणीत. खाण बंद पडली, पुढे रोसेंदोही गेला. मी उभा जन्म शाळेची बस चालवली आणि आता चालवत नाही, एवढाच काय तो फरक. ट्वेटन मंडळी पार उत्तरेकडच्या नॉर्थ डकोटातली. डेलमर धान्याच्या कोठारावर होता, आर्लिस शाळेच्या स्वयंपाकघरात. आमच्या वाळवंटात हिवाळ्यात असे म्हातारे थव्याने उतरतात आणि उन्हाळा लागला की परत उडतात. हे दोघे उडाले नाहीत. दर रविवारी त्यांची मुलगी जेनेल फोन करते. "तळघरातली खोली तयार आहे. त्या भट्टीत कशाला मरताय?" आणि दर रविवारी डेलमर तिला तेच ऐकवतो. "गाडी आहे, पाय आहेत, आमचं मस्त चाललंय." त्यातलं गाडी आहे हे खरं महत्त्वाचं. इथे साधं डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं तरी अर्धा दिवस रस्त्यात जातो. इथे ज्याची गाडी गेली त्याचं बिऱ्हाडही गेलं, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

माणसं वाईट नाहीत. आर्लिस पार्कातल्या प्रत्येक जेवणाला बटाट्यांची हॉटडिश, म्हणजे त्यांच्याकडचा ओव्हनमध्ये भाजलेला पदार्थ, आणते. तिच्यात मीठ असतं की नाही यावर आमच्यात मतभेद आहेत, तिखट नसतं यावर एकमत आहे. काळी मिरी म्हणजे तिच्या मते तिखटाचा कडेलोट. डेलमर गाडी चालवताना समोरून येणाऱ्या प्रत्येकाला स्टिअरिंगवरून एक बोट उचलून रामराम करतो, त्यांच्याकडची रीतच आहे ती. आमच्याकडे आल्यापासून तो उभ्या सग्वारो निवडुंगांनाही बोट उचलतो. आम्हाला वाटायचं, म्हातारा मिश्कील आहे.

आणि गुरुवार आला की दोघं निघाले डोंगर बघायला. डेलमर सपाट मुलुखातला, त्यामुळे कुठेही टेकाड दिसलं की त्याला उमाळा येतो. मी एवढी वर्षं सटकत आले होते. पण त्या गुरुवारी माझा पाण्याचा कूलर बंद पडलेला, घरात जीव उकडत होता आणि त्यांच्या गाडीतला एसी चालू होता. म्हटलं, चला. हौसेने दुखणं विकत घेतलं, दुसरं काय!

मी मागे बसले. पार्कच्या फाटकापासून आर्लिसच्या तोंडाचा पट्टा सुरू.

"पुढे थांबायची पाटी आहे, डेलमर."

"दिसतेय गं."

"ट्रक जाऊ दे. गेला. आता उजवीकडे घे. घे, घे, बास."

"दिसतंय मला."

"डावीकडे सरकतोयस. पिवळी रेघ, डेलमर!"

माझ्या बसमध्ये मागे चाळीस पोरं किंचाळायची, पण त्यांनी सगळ्यांनी मिळून मला एवढं कधी पिडलं नाही. मी दोनदा खोकले, एकदा उसासा टाकला. शेवटी बोललेच. "आर्लिस, तो साठ वर्षं गाडी चालवतोय ना? त्याला चालवू दे की!"

"तू मागे बघ, मी पुढे बघते," ती म्हणाली. मान सुद्धा वळवली नाही.

डोंगराला वळसा घालणारा मातीचा अरुंद रस्ता लागला. वळणावर वळण. "डावीकडे. अजून डावीकडे. आता सरळ. खड्डा." माझं डोकं उठलं. पिशवीत सकाळी केलेले बीन्सचे बुरितो होते. एकाचा कागद सोलला आणि तो तिच्या हातात कोंबला. "खा. गरम आहे तोवर खा." मनात म्हटलं, तोंड भरलं की गप्प तरी बसेल. तिने भला मोठा घास घेतला. आणि देवाशपथ सांगते, त्या गाडीत शांतता झाली. कूलरसारखी गार शांतता.

रस्ता डावीकडे वळला. डेलमर वळला नाही.

"म्म! म्मम्म!" आर्लिसने हात हलवले, तोवर गाडी दगडांवरून उडून कोरड्या ओढ्याच्या वाळूत उतरली होती आणि चोयाच्या काटेरी झुडपात नाक खुपसून थांबली होती. लागलं कोणाला नाही. डेलमरने बघायला खिडकी खाली केली आणि चोयाचा एक गोळा त्याच्या बाहीला चिकटला एवढंच. आर्लिसने घास गिळला, पर्समधून कंगवा काढला आणि तो काटेरी गोळा उपटून बाहेर फेकला. सगळं कसं रोजच्यासारखं.

"डेलमर," मी म्हटलं, "एवढं मोठं वळण दिसलं नाही तुला?"

"चष्मा घरी राहिला."

"चष्मा तुझ्या नाकावर आहे!"

त्याने हात लावून बघितला.

"माझ्याकडे बघ," मी म्हटलं. तो मागे वळला, पण तोंड भलतीकडेच धरलं, कोंबडी दाण्याकडे बघते तसं तिरपं. "कडेने बघितलं की तू दिसतेस," तो म्हणाला. "सरळ बघितलं तर तुझ्या जागी डाग दिसतो."

"कधीपासून?"

"दोन उन्हाळे झाले," आर्लिस म्हणाली. "औषध नाही म्हणाले डॉक्टर."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पायरी, कुंडी, पिवळी रेघ. आणि सग्वारोंना रामराम! त्याला निवडुंग कुठला आणि माणूस कुठला ते कळत नव्हतं. कोणाचा अपमान नको म्हणून बिचारा सगळ्यांनाच बोट उचलत होता.

"मग तू का नाही चालवत?" मी आर्लिसवर घसरले.

"साखरेने माझे तळवे बधिर झालेत. मागे एकदा ब्रेक म्हणून दाबला, तो ब्रेक नव्हता. पार्कातल्या आडव्या पडलेल्या टपालपेट्या आठवतात?"

आठवतात म्हणजे? आम्ही सगळ्यांनी कचऱ्याच्या गाडीवाल्याला महिनाभर शिव्या घातल्या होत्या.

"त्याचे पाय आहेत, माझे डोळे आहेत," आर्लिस म्हणाली. "मिळून एक माणूस होतो आमचा."

"मिळून एक खून होईल तुमच्या हातून! समोरून शाळेची बस आली असती तर?"

"मी ओरडले असते."

"आणि तोंडात बुरितो असता तर?"

वाळूतून निघावी म्हणून मी टायरांतली हवा कमी केली, गाडी मागे काढली, त्यांना घरी आणलं आणि किल्ल्या माझ्या पर्समध्ये टाकल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आर्लिस दारात उभी. "किल्ल्या दे."

"नाही."

"गाडी आमची आहे."

"आणि रस्ता सगळ्यांचा आहे."

"ओफेलिया, झाकली मूठ सव्वा लाखाची. जेनेलला कळलं तर आठवड्यात येऊन आमचं सामान बांधेल. बघितलंय मी ते तळघर. एक खिडकी आहे, तिच्यातून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे बूट दिसतात. डेलमरने आता बूट बघत बसायचं? आणि तेही त्याला धड दिसणार नाहीत!"

"मग लोकांना मारत सुटायचं?"

"कोणाला मारलंय अजून?"

"टपालपेट्या!"

ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं. ती पाय आपटत गेली. बधिर पाय आपटले तरी तिला काय कळणार, पण गेली. मी संतापाने जेनेलचा नंबर काढला. एक फोन, की सुटले मी. माझं काहीच चुकत नव्हतं, यात मला तिळमात्र शंका नव्हती, आजही नाही. पण फोन काही लावला नाही. नंबरावर बोट ठेवून बसले आणि स्वतःवर चिडत राहिले. दुसऱ्या सकाळी खिडकीखालून कोणी गेलं नाही. तिसऱ्याही नाही. मला छान झोप लागायला हवी होती. लागली नाही. ही कसली मेली शेजारीण, बोलली तरी ताप, नाही बोलली तरी ताप.

गुरुवारी मी किल्ल्या घेऊन गेले. डेलमर गाडीतच होता. टोपी घालून, हातमोजे चढवून, स्टिअरिंग धरून बसला होता. किल्लीशिवाय. किती वेळ बसला होता देव जाणे, शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. मला इतकं वाईट वाटलं की मी त्याच्यावर ओरडलेच.

"सरक!"

"कुठे?"

"पलीकडच्या सीटवर. आजपासून मी चालवणार. किराणा, डॉक्टर आणि तुझे ते दगडधोंडे. आणि रविवारी लेकीला तू स्वतः सांगायचं, डोळ्यांचंही आणि ओफेलिया चालवते हेही. मग काय म्हणते बघू."

"मला कोणाचे उपकार नकोत."

"उपकार कसले? पेट्रोल तुझं, कॉफी तुझी. आणि हॉटडिश माझ्या घरी आणायची नाही."

तो उतरला. गाडीच्या पुढच्या भागावर हात फिरवत फिरवत, कोणी जनावर थोपटावं तसा, पलीकडच्या दारापर्यंत गेला आणि बसला. आर्लिस मागे बसली. तिच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

त्याच रस्त्याला लागलो. आरशात मला आर्लिस दिसत होती, मान ताणून, डोळे रस्त्याला खिळवून. वळण आलं. "उज..."

"आर्लिस! मला डोळे आहेत. आणि ब्रेक कुठला तेही कळतं. तू बाहेर बघ."

"कुठे बाहेर?"

"खिडकीतून, बाई! खिडकी असते कशाला?"

रुसून तिने तोंड खिडकीकडे केलं. एक टेकडी गेली, दुसरी गेली. आणि एकदम, "अगं बाई!"

माझा पाय ब्रेकवर. "काय आलं? कोण आडवं आलं?"

"डोंगराला भोक आहे," आर्लिस म्हणाली. "पार वर, माथ्याशी. दगडाची कमान आहे, डेलमर, आणि तिच्यातून आभाळ दिसतंय. आपण या रस्त्याने किती वेळा आलो रे? मी एकदाही वर बघितलं नव्हतं."

डेलमरने मान तिरपी करून पाहिलं, या बाजूने, मग त्या बाजूने. त्याला काही सापडलं नाही हे मला दिसत होतं. मी गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

"सांग," तो म्हणाला. "सगळं सांग. आणि सावकाश सांग आर्लिस, आता घाई नाही."