सात पाण्यांनी धुतलेला फिल्टर

मावशी रोज सकाळी नळाचं पहिलं पाणी काचेच्या ग्लासात घ्यायची, नाकाशी नेऊन हुंगायची आणि मगच चहाचं आधण ठेवायची. एकतीस वर्षं ती हॉस्पिटलच्या डायलिसिस विभागात तंत्रज्ञ होती. तिथे यंत्रात जाणाऱ्या पाण्यात जरासं जरी क्लोरीन राहिलं तरी पेशंटच्या रक्तावर बेततं, म्हणून पाणी तपासणं हे तिचं दिवसाचं पहिलं काम असे. नोकरी संपली, पण नाक काही निवृत्त झालं नाही. काका टेबलाशी बसून विचारायचे, "झालं का पास? म्हणजे मला चहा मिळेल."

काका प्लंबर होते. साठी उलटल्यावर त्यांनी मागच्या अंगणात स्वतःच्या हाताने तळं खोदलं आणि त्यात कोई जातीचे रंगीत मासे सोडले. अकरा होते. त्यातला केशरी, पाठीवर पांढरा डाग असलेला सगळ्यात थोरला, तो हेडमास्तर. कुणी तळ्याकाठी आलं की तो आधी पुढे येऊन बघून जायचा, मग बाकीचे यायचे. तळ्याच्या कडेला दोन निळी पिंपं होती. पंपाने पाणी त्यांत चढायचं, आतल्या ब्रशांमधून, स्पंजांमधून आणि जाळीच्या पिशव्यांतल्या चिनीमातीच्या कड्यांमधून झिरपून परत तळ्यात पडायचं. तो काकांचा फिल्टर. तळं काकांचं, मासे काकांचे, आणि मावशी त्या भानगडीत पडायची नाही. "मी आयुष्यभर गाळण्याच सांभाळल्या," ती म्हणायची, "आता तुम्ही सांभाळा."

मी त्यांच्याकडे राहून शिकत होते, त्या वर्षी काकांचे थोरले भाऊ जिन्यावरून पडले आणि काकांना महिनाभर त्यांच्याकडे जावं लागलं. निघताना त्यांनी मावशीला दाणे किती घालायचे ते मापाच्या डबीने दाखवलं. फिल्टरबद्दल काहीच सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं त्यांना वाटलंच नसावं.

तिसऱ्या दिवशी मावशीने सहज पिंपाचं झाकण उघडलं आणि ओरडली. मी धावत गेले. स्पंजांवर, कड्यांवर, ब्रशांच्या केसाकेसावर तपकिरी बुळबुळीत थर बसला होता.

"बघ, बघ हे! आणि या माणसाच्या हातचं मी इतकी वर्षं पाणी प्यायले."

"मावशी, काकांना विचारूया का?"

"घाण धुवायला कुणाला विचारायचं असतं?"

मग तिने जे केलं ते तिच्या खात्यातल्या कुणालाही अभिमान वाटावा असं होतं. सगळा ऐवज बाहेर काढला. ब्लीचच्या द्रावणात घड्याळ लावून अर्धा तास भिजवला. पिंपं आतून घासली. मग एकामागून एक सात पाण्यांनी सगळं खळबळलं, आणि शेवटच्या पाण्यात क्लोरीनचा मागमूस नाही हे हॉस्पिटलातून आणलेल्या पट्टीने पडताळून पाहिलं. संध्याकाळी पांढरेशुभ्र स्पंज पिंपात ओळीने लागले. पंप सुरू झाला. पाणी काचेसारखं पडत होतं.

"आता म्हणावं फिल्टर," मावशी कमरेवर हात ठेवून म्हणाली.

धुतल्यानंतर चौथ्या दिवशी मासे वर आले. दाणे नको होते त्यांना. तोंडं पाण्याबाहेर काढून नुसती हवा ओढत होते. हेडमास्तर एका कोपऱ्यात पंख अंगाशी मिटून लटकल्यासारखा होता, आणि त्याच्या शेपटीत बारीक लाल शिरा उमटल्या होत्या.

मावशीने क्लोरीन तपासलं. शून्य. पुन्हा तपासलं. शून्यच. मग काकांच्या खणातली चाचणीची पेटी काढून परीक्षानळीत पाणी घेतलं आणि अमोनिया तपासायचे थेंब टाकले. पाणी पिवळं राहायला हवं होतं. ते हिरवं झालं, गर्द.

ती अंगणातल्या स्टुलावर बसली. नळी हातातच होती.

"अमोनिया म्हणजे यांच्याच अंगातून निघालेला मळ," ती हळूहळू म्हणाली. "माझ्या पेशंटच्या रक्तात साठायचा ना, तसलाच प्रकार. पण तो इथे रोज कोण काढत होतं?" मग तिची नजर पिंपांकडे गेली. "ती घाण काढत होती गं. ती जिवंत होती."

त्या तपकिरी थरात राहणारे जिवाणू माशांचा मळ खाऊन पाणी सोसण्याजोगं ठेवत होते. ते जमायला महिने लागतात. मावशीने ते अर्ध्या तासात संपवले होते, अगदी नियमाप्रमाणे.

संध्याकाळी काकांचा फोन आला. माशांबद्दल ते रोज विचारायचे, "पोरं काय म्हणतायत?"

"मजेत आहेत," मावशी म्हणाली. फोन ठेवून ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "भावाचं दुखणं आहे त्यांना. त्यात आणखी हे कशाला?"

दुसऱ्या दिवशीही फोनवर मासे मजेत होते. मावशीने दाणे बंद केले, हवेचा पंप लावला, रात्रभर ड्रमात ठेवलेलं, क्लोरीन उडून गेलेलं पाणी सकाळ-संध्याकाळ बादल्यांनी तळ्यात बदलू लागली. एकसष्टाव्या वर्षी, दुखऱ्या गुडघ्यांनी. मी बादली घ्यायला गेले की, "राहू दे, माझं पाप आहे," असं म्हणायची, आणि दोन फेऱ्यांनंतर माझ्याकडे द्यायची. तिसऱ्या सकाळी छोटा पिवळा मासा पंपाच्या जाळीला टेकून तरंगत होता. तिने तो ओंजळीत उचलला. मृत्यू तिला नवा नव्हता. पण त्या संध्याकाळी काकांनी "पोरं काय म्हणतायत?" विचारल्यावर तिला मजेत म्हणता येईना.

तिने सगळं सांगितलं. फोनचा आवाज मोठा होता, मला दोन्हीकडचं ऐकू येत होतं.

"ब्लीचने?" काकांनी विचारलं.

"हो."

"किती वेळ?"

"अर्धा तास."

"आणि मग धुतलंस किती वेळा?"

"सात."

"सात!" काका म्हणाले. "अगं, माझा टॉवेल कधी दोनदा धुतला नाहीस."

मावशीला हसू आलं आणि त्याच श्वासात रडूही. "रागवा ना. रागावलात तर बरं वाटेल."

"रागवायला नंतर वेळ आहे. हेडमास्तर कसाय?"

"उभा आहे अजून. कळत नाही."

"मी उद्या निघतो."

"काही नको. भाऊजींना उठवून बसवायला कोण आहे तिथे? केलं मी, निस्तरीनही मीच. फक्त काय करू ते सांगा."

"मग ऐक. आपण मासे घेतले त्या दुकानात जा. त्याच्या जुन्या टाकीच्या फिल्टरमधला स्पंज माग. वापरलेला. धुऊ मात्र नकोस."

"टोमणे नंतर मारा."

दुकानात मी बरोबर होते. दुकानदाराने मावशीसमोर नव्या स्पंजांची पाकिटं मांडली.

"नवे नकोत," मावशी म्हणाली. "वापरलेला द्या. जेवढा घाण असेल तेवढा चांगला."

"ताई, असं गिऱ्हाईक पहिल्यांदाच बघतोय."

"त्या टाकीत महिन्याभरात कुणी आजारी पडलं होतं? अंगावर चट्टे, पांढरे ठिपके? औषध घातलंत का काही?"

दुकानदार हळूच मला म्हणाला, "या रक्तपेढीत होत्या का?"

"जवळपास," मी म्हटलं.

दोन स्पंज मिळाले, काळपट, ओघळणारे. ते त्याच टाकीच्या पाण्यात, झाकणाच्या बादलीत घालून आम्ही बसने घरी आलो. बादली मावशीच्या मांडीवर होती. वळणावर झाकणाच्या फटीतून एक ओघळ तिच्या साडीवर आला. जिच्या पदराला कधी हळदीचा डाग दिसला नाही ती बाई साडी न झटकता बादलीच घट्ट धरून बसली. शेजारच्या बाईने नाक मुरडून विचारलं, "काय हो आहे त्यात?"

"औषध," मावशी म्हणाली.

घरी येऊन तिने ते स्पंज आपल्या पांढऱ्याशुभ्र स्पंजांवर पिळले, तपकिरी पाणी कड्यांवर ओतलं आणि उरलेला गाळ बोटांनी निपटून पिंपात सोडला. हातमोजे घातले नव्हते.

पुढचे दिवस सगळे नळीतल्या रंगाचे होते. स्पंज आणल्यापासून पाचव्या दिवशी काळा-पांढरा गेला. सहाव्या दिवशी हेडमास्तर तळाशी एका अंगावर कलला, तेव्हा मावशी जेवायला आत आलीच नाही. काठावर बसून नुसती त्याच्या कल्ल्यांची उघडझाप मोजत होती. पाणी बदलणं चालू होतं. गर्द हिरव्याचा हिरवा झाला, मग पोपटी. मध्ये दोन दिवस रंग तिथेच अडून बसला. रोज संध्याकाळी ती काकांना रंग सांगायची, वाईट असला तरी. तेराव्या दिवशी हेडमास्तर सरळ झाला आणि तळ्याच्या मध्यापर्यंत जाऊन परत आला. एकोणिसाव्या दिवशी नळीतलं पाणी पिवळं राहिलं. मावशीने नळी मला दाखवली, शेजारणीला दाखवली, आणि गॅस तपासायला आलेल्या माणसालाही दाखवली.

काका आले ते पिशवी हातात घेऊन थेट अंगणातच गेले. मासे वर आले. काका मोजत होते हे दिसत होतं.

"नऊ," ते म्हणाले.

"काळा-पांढरा आणि छोटा पिवळा. पेरूखाली पुरलेत."

काका पेरूकडे वळले. "पिवळ्याला खाण्यापुढे काही सुचायचं नाही," ते म्हणाले. मावशीने त्यांच्या हातातली पिशवी घेतली. मग त्यांनी पिंपाचं झाकण उचललं. स्पंजांवर पुन्हा पुसट तपकिरी साय धरू लागली होती.

"ये, बघ तरी."

मावशीने वाकून पाहिलं. "छान घाण झालीये," ती म्हणाली.

त्यानंतर फिल्टर दोघांचा झाला. स्पंज खळबळायचे असले की तळ्याच्याच पाण्याची बादली भरून मावशी बसायची आणि काकांना म्हणायची, "हलक्या हाताने. पिळू नका एवढं." नळीतला रंग रोज एकाने दुसऱ्याला सांगायचा, असा न ठरवता ठरलेला नेम होता. काका कधी रागावले का, असं मी एकदा विचारलं. "अजून वेळ काढतायत," मावशी म्हणाली.

चार वर्षांनी एका दुपारी ती झोपली ती उठली नाही. आदल्या संध्याकाळी मी तिथेच होते. दोघं तळ्याच्या काठावर बसले होते. काका नळी उजेडात धरून फार वेळ बघत होते. मावशी गुडघ्यावर हात टेकून उठली, पदर झटकला आणि म्हणाली, "पिवळं आहे हो ते. चला आत, डास फोडून काढतायत."