संडासातलं जेवण

माझ्या लेकीचं पहिल्या पाच महिन्यांतलं निम्मं जेवण संडासात झालं. हे लिहितानाही मला शिसारी येते, पण खरं तेच आहे.

दौंडहून, माहेरून, सव्वा महिन्याच्या बाळाला घेऊन मी शिरूरला सासरी आले. त्याच दिवशी सासूबाईंनी माझ्या हातात आळिवाच्या खिरीची वाटी दिली आणि नियमही सांगितला. "घरात हाईस तवर ठीक. बाहेर चारचौघांत पोरीला अंगावर घिऊ नकोस. आपल्यात कुनी पाजत न्हाई असं." मी मान डोलावली. मी शाळेत शिकवते, त्यामुळे आपल्याला सगळं ठाऊक असतं असा माझा समज. पण चारचौघांत पाजणारी एकतरी बाई पाहिलीय का, म्हणून आठवायला लागले, तर एकही आठवेना. म्हटलं, बरोबरच असणार यांचं.

मग लस टोचायला नेलं की दवाखान्याच्या संडासात. नणंदेच्या नव्या घराच्या कार्यक्रमाला गेलो की तिच्या संडासात. दौंडच्या वाटेवर चहाला थांबलो की हॉटेलच्या संडासात. मी त्यात तरबेज झाले होते. एक पाय दाराला लावायचा, कारण कडी कधी धड नसते. पदर दातांत धरायचा. पर्स गळ्यात अडकवायची, कारण खाली ठेवावी अशी कोरडी जागा नसते. आणि तोंडानं श्वास घ्यायचा. बाळाला तेही जमत नव्हतं, तिचं तोंड कामात असायचं. आमच्या घरी संडासातली चप्पल स्वयंपाकघराच्या उंबऱ्याजवळ दिसली तरी सासूबाई आकाशपाताळ एक करतात. नातीचं जेवण मात्र तिथं चालत होतं. त्यांनाही आणि मलाही.

मे महिन्यात न्हावऱ्याजवळच्या एका मंगल कार्यालयात भावकीतलं लग्न होतं. त्रिशरण सुरू व्हायच्या बेतात होतं आणि बाळानं भोकाड पसरलं. मी उठले. कार्यालयातल्या संडासाच्या फरशीवर पाणी साचलं होतं, कोपऱ्यात गुटख्याच्या पिचकाऱ्या, आणि फिनेल ओतलेलं असल्यामुळे वास दुप्पट. मी पाय दाराला लावून पाजायला लागले. बाहेरून कुणीतरी धडाधडा दार वाजवलं, "मुक्कामाला हाय का काय आत?" तेवढ्यात भांड्याच्या कडेवरची एक माशी उठली आणि बाळाच्या ओठावर, दुधाच्या थेंबावर येऊन बसली.

मी बाळाला ओढून काढलं, बाहेर आले, नळावर तिचं तोंड तीनदा धुतलं. ती अर्धपोटी रडत होती. एका ताईंनी तिच्या हातात फुगा दिला, तेव्हा कुठे गप्प झाली.

मी येऊन मागच्या रांगेत बसले. आत्तापर्यंत मी मांडवात सगळ्यांच्या साड्या बघत होते. आता पहिल्यांदा मांड्यांवर बघितलं. पुढच्याच खुर्चीवरची बाई एका हातानं नवरानवरीवर पाकळ्या टाकत होती आणि दुसऱ्या हातात तिचं मूल पीत होतं. खांबाशी बसलेली बोलता बोलता पाजत होती. जेवणाच्या टेबलावर एकजण पाजत पाजत बुंदी खात होती, आणि मधूनच एक कळी पोराच्या मोठ्या भावाच्या तोंडात टाकत होती. सात जणी. दोनदा मोजल्या. कुणी त्यांच्याकडे बघत नव्हतं. पुरुष मंडळींचं लक्ष कुलर आणि पंगत यापलीकडे जात नव्हतं.

मग आठवायला लागलं. एसटीतल्या बाया, बँकेच्या रांगेतल्या, शेताच्या बांधावरच्या, आठवडे बाजारात मेथीच्या जुड्यांमागे बसलेल्या. सगळीकडे होत्या की! काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच.

शेजारी सासूबाईंची थोरली बहीण बसली होती. तिनं विचारलं, "कुठं गेलतीस गं?" मी सांगितलं. ती तोंडाला पदर लावून हसली. "संडासात? आगं तुझ्या सासूनं तुझ्या नवऱ्याला मार्केट यार्डात कांद्याच्या गोण्यांवर बसून पाजलाय. भवती हमाल, मालक, समदे आसायचे."

परतीच्या वडाप जीपमध्ये मी सासूबाईंना विचारलंच. त्या जराही ओशाळल्या नाहीत. "तवा मी रोजानं जात व्हते. रोजानं जानारीकडं बाई म्हनून कोन बघतंय? तू मॅडम हाईस. लोक म्हनतील, शिकली, पर हाय तशीच ऱ्हायली."

मला त्यांची किळस आली. ज्या बाईनं मला आळिवाची खीर करून खाऊ घातली, तिची. आणि लगेच स्वतःची आली, ती जास्त. लग्नाआधी पालकसभेत एक आई मागच्या बाकावर मूल पाजत होती. मीच तिला म्हणाले होते, "ताई, बाहेर जा, मुलं बसलीत इथं." बाहेर सावली फक्त मुतारीच्या भिंतीची होती. ती तिथं जाऊन उभी राहिली, मला खिडकीतून दिसत होती, आणि मी शौचालयाचं महत्त्व सांगत होते. चारचौघांत पाजणारी बाई आठवत नाही म्हणणारी ती मीच.

तेवढ्यात बाळ पुन्हा रडायला लागलं. भुकेनं तिचा आवाज चिरकला होता. म्हटलं, खड्ड्यात गेली मॅडम. भरल्या जीपमध्ये मी तिला छातीशी घेतलं. सासूबाईंनी तोंड खिडकीकडे फिरवलं.

बाळानं तोंड लावलं नाही. ती बघायला लागली. उजेडाकडे, समोरच्या माणसांच्या चेहऱ्यांकडे. पुन्हा लावलं, पुन्हा मान काढून रडली. दूध तिच्या गालावर सांडत होतं आणि ती भुकेली होती, तरी पिईना. जीपमधले सगळे आता आमच्याकडे बघत होते.

शेवटी सासूबाईंनीच खिडकीकडचं तोंड वळवलं. स्वतःचा पदर काढून तिच्या डोक्यावरून टाकला, चारी बाजूंनी खोचला. आत संडासासारखा अंधार झाला. तशी ती चुटूचुटू प्यायला लागली.

"बघ, हिलाच आवडत न्हाई," सासूबाई म्हणाल्या.

समोर कांद्याच्या पिशव्यांवर बसलेल्या बाईचं बाळ उघड्यावर पीत होतं. त्यानं मधेच तोंड सोडलं, आमच्या पदराच्या गाठोड्याकडे बघितलं आणि पुन्हा प्यायला लागलं.