वाचून दाखवलेला अर्ज

लिनक्स नावाची गोष्ट ज्यांनी कुणी बनवली, त्यांच्या घरात पंचेचाळिशी ओलांडलेलं माणूस नसावं. असतं तर त्याने एकदा तरी विचारलं असतं, की बाबांनो, ही अक्षरं आहेत का खसखस सांडली आहे?

मी परभणीत तहसीलच्या फाटकाबाहेर पत्र्याच्या शेडखाली बसणारा अर्जनवीस. पंचवीस वर्षं झाली. आधी पेनाने लिहीत होतो, मग टाइपरायटर घेतला, मग कॉम्प्युटर. तो कॉम्प्युटर यंदा महालक्ष्म्यांच्या तोंडावर बंद पडला. महालक्ष्म्यांच्या जेवणाला पुण्याहून मेव्हणा आला होता. तो तिथे कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे आणि हे कुणी विसरू नये याची तो फार काळजी घेतो. पुरणपोळी खाऊन, हात धुऊन त्याने स्वतःचा वापरून झालेला लॅपटॉप माझ्यापुढे ठेवला.

"दाजी, हे घ्या. ह्याच्यात विंडोज न्हाई, लिनक्स हाय. व्हायरस लागत न्हाई, आन् पडदा तर लय भारी. मोठ्या टीव्हीवर जेवढे ठिपके असतेत ना, तेवढे ह्या टिचभर जागेत बसवलेत."

बसवले होते खरे. अक्षरंही त्याच मापाने बसवली होती. मेनू, फायलींची नावं, कोपऱ्यातलं घड्याळ, सगळं इतकं बारीक की पडद्यावर काहीतरी आहे एवढंच कळावं. पण फुकट ते पौष्टिक, म्हणून मी "झकास हाय" म्हटलं. दिसत नाही असं म्हटलं नाही. बायकोच्या भावापुढे म्हातारं कोण होईल?

आता माझ्या धंद्याची एक रीत सांगतो, म्हणजे पुढचा घोळ समजेल. माझ्या शेजारी आणखी तिघं बसतात. ते टाइप करतात, छापतात आणि "करा सही" म्हणून कागद पुढे सरकवतात. मी ज्यांच्या हाताखाली शिकलो ते उस्ताद निजामाच्या काळातले उर्दू कागद भिंगाने वाचणारे होते, आणि लिहिलेलं ऐकवल्याशिवाय ते कुणाची सही घेत नसत. तीच रीत मी धरली. अर्ज झाला की छापण्याआधी पडद्यावरून मोठ्याने वाचून दाखवायचा. समोर स्टुलावर गिऱ्हाईक मान डोलावतं, आजूबाजूचे चार जण कान देतात. शिकलेसवरलेलेही स्वतः वाचत नाहीत, ऐकतात. कागद मागून घेऊन वाचणं म्हणजे अर्जनवीसावर शक घेणं, असा इथला रिवाज. "त्याच्याकडं लिवा, तो वाचून दावतो," अशी माझी ख्याती जिंतूरपासून पूर्णेपर्यंत आहे. निदान होती.

अक्षरं दिसेनात तेव्हा मी शहाण्यांना विचारलं. शहाण्यांना तोटा नाही. झेरॉक्सवाला म्हणाला, चष्मा लावा. त्याचं स्वतःचं मशीन दर तिसऱ्या कागदावर काळा पट्टा ओढतं, तरी तो दुसऱ्याच्या डोळ्यांबद्दल बोलतो. क्लासवाले सर म्हणाले, लिनक्स काढून टाका. का काढायचं ते त्यांना सांगता येईना, कारण त्यांनी ते आयुष्यात पाहिलंच नव्हतं. मग मेव्हण्याला फोन केला आणि म्हटलं, तुझ्या लॅपटॉपची अक्षरं बरोबर नाहीत.

तो खूश झाला. अशा लोकांना आपल्याकडे मदत मागितली की आनंद होतो. त्याने आधी पडद्याचे ठिपके कमी करायला लावले. अक्षरं मोठी झाली, पण ओल्या कागदावर शाई फुटावी तशी. ते परत फिरवलं. मग त्याने एक काळी खिडकी उघडायला सांगितली आणि तिच्यात एक लांबलचक आज्ञा टाइप करायला लावली. त्या खिडकीतली अक्षरं बाकीच्यांहून बारीक. म्हणजे अक्षरं मोठी करण्यासाठी आधी त्याहून बारीक अक्षरं वाचायची. दार उघडण्याची किल्ली घराच्या आत, अशी यांची अक्कल. तीन वेळा टाइप करून तीन वेळा काहीतरी चुकलं. काय चुकलं तेही त्याच खिडकीत लिहून आलं होतं.

शेवटी मी माझी अक्कल चालवली. अर्जातल्याच अक्षरांचा आकार अठ्ठावीस केला. पडद्यावर छान दिसलं, छापलंही. आवक-जावकच्या कारकुनाने तो कागद हातभर लांब धरला आणि विचारलं, "हा अर्ज हाय का दुकानाची पाटी?" नुसता पडद्यावर मोठा करून पाहायची सोय खालच्या कोपऱ्यात असते, हे मला पुढे कळलं. आधी कळणार कसं, ती सोयच दिसत नव्हती.

त्या दिवसापासून मी कुणाला काही विचारलं नाही. मी नाटक सुरू केलं.

हे लिहिताना मला माझीच शिसारी येते, पण लिहितो. पंचवीस वर्षं तेच मजकूर. शेतरस्त्याचा अर्ज, वारसाचा अर्ज, दाखल्याचा अर्ज. मला सगळे पाठ. काम करण्याची पद्धत अशी, की जुना अर्ज उघडायचा, त्यातलं नाव, गाव, गट नंबर बदलायचा आणि नव्या नावाने ठेवून द्यायचा. मी अंदाजाने बदलायचो. मग पडद्याकडे डोळे लावून, घसा साफ करून, "अर्जदार विनंतीपूर्वक अर्ज सादर करतो की" असं खणखणीत सुरू करायचो आणि गिऱ्हाइकाने पाच मिनिटांपूर्वी तोंडाने सांगितलेली माहिती त्यालाच परत ऐकवायचो. गिऱ्हाईक मान डोलवायचं. का नाही डोलवणार, त्याचंच बोलणं होतं ते. छापलेला कागद मी डोळ्यांपुढे धरायचो तोही नुसता समास बघायला. हाती भिंग घेतलं असतं तर दिसलं असतं. उस्तादांचं भिंग माझ्याच खणात होतं. पण शेजारच्या तिघांसमोर ते बाहेर काढायची मला लाज वाटायची. खोटं वाचायची वाटत नव्हती.

नवरात्राच्या सुमारास पेडगावची एक बाई आली. पन्नाशीची, कपाळावर भस्माचे पट्टे, हातात कापडी पिशवी. बांधाशेजारच्या माणसाने तिच्या शेताची वाट काटेरी फांद्या टाकून बंद केली होती. सोयाबीन कापून शेतातच गंजी लावलेली. मळणीयंत्र आत जायला दुसरी वाट नाही. नवरा आणि मुलगा ऊसतोडीच्या टोळीत जायच्या तयारीत, म्हणून मागे धावपळ करायला ही एकटी.

"वाट तेवढी मोकळी करून द्या दादा," ती म्हणाली. "पाऊस यायच्या आत माल घरी आला पायजे."

गट नंबर एकशे सोळा. सातबारा मागाहून जोडते म्हणाली, मी चालतंय म्हटलं. तिच्या आधी मी दुसऱ्या गावच्या एकाचा असाच रस्त्याचा अर्ज केला होता, तोच उघडला. नाव बदललं, गाव बदललं, नंबर बदलल्याचंही मला पक्कं वाटत होतं. तिथे तीन आकडे आहेत एवढं दिसत होतं. मग मी वाचून दाखवलं, आवाज चढवून. "गट नंबर एकशे सोळा" तर मी दोनदा म्हटलं. तिने मान डोलावली आणि सही केली, गोल वळणदार अक्षरात. ते अक्षर पाहूनही माझ्या डोक्यात काही आलं नाही.

बारा-तेरा दिवसांनी ती परत आली. स्टुलावर बसली, पिशवीतून कागद काढून माझ्या टेबलावर ठेवला. पाहणी झाली होती. ही दिवसभर आपल्या शेतात थांबली आणि पाहणीला आलेले लोक गावाच्या दुसऱ्या अंगाला दोनशे चार नंबरच्या गटात जाऊन आले. कागदावर तोच नंबर होता, ते दुसरीकडे कशाला जातील? त्या गटाची वाट मोकळीच होती. तसं त्यांनी लिहिलं आणि अर्ज निकाली निघाला. मधल्या काळात पाऊस दोनदा येऊन गेला होता.

"तुमी तर एकशे सोळा वाचलं व्हतं," ती म्हणाली.

आवाज चढवला नाही तिने. तिला खरंच समजत नव्हतं की बरोबर वाचलेलं चुकीचं छापलं कसं जातं. आणि मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "मशीन खराब हाय अक्का, लिनक्स हाय." नाचता येईना अंगण वाकडं. शेजारचा अर्जनवीस खाली मान घालून हसला. त्याचं हसू बरोबर वर्मी लागलं.

मी तिथेच तिच्यासमोर मेव्हण्याला फोन लावला. म्हटलं, "मला दिसत न्हाई."

"काय दिसत न्हाई?"

"अक्षरं. लय बारीक हायेत. महालक्ष्म्यांपासून दिसत न्हाईत."

"आन् तुमी म्हणालाव अक्षरं बरोबर न्हाईत. मी समजलो फॉन्ट बिघडलाय. आदी सांगायचं ना दाजी."

मग त्याने सांगितलं ते सगळं दोन वाक्यांत मावण्याइतकं होतं. मेनूत सेटिंग, त्यात फॉन्ट, सगळ्यात खाली अक्षरं किती पट करायची त्याचा एक आकडा. तो एकवर होता, दीड करायचा. मी खणातून उस्तादांचं भिंग काढलं, सगळ्यांच्या देखत पडद्यावर धरलं आणि तो आकडा शोधला. दीड केला. मेनू, फायलींची नावं, घड्याळ, सगळं एकदम वर आलं. चहा सांगितला असता तर येईपर्यंत झालं असतं. एवढ्यासाठी मी महिनाभर लोकांना फसवलं.

मेव्हण्याने आणखी एक सांगितलं होतं, तसं अर्ज उघडून खालच्या कोपऱ्यातली पट्टी ओढली. गट नंबर दोनशे चार. ठसठशीत. मी पुसून एकशे सोळा केला, आधीच्या पाहणीचा उल्लेख घातला, सातबारा तिने या वेळी आणलाच होता, त्यावरून ताडून पाहिला. मग सवयीने घसा साफ केला. पण या वेळी वाचलं नाही. मी लॅपटॉप तिच्याकडे वळवला.

"तुमी वाचा अक्का."

तिने पिशवीत हात घातला. चष्मा काढला, एका दांडीला दोरा गुंडाळलेला. तो लावून, शब्दाशब्दाखाली बोट फिरवत तिने अख्खा अर्ज वाचला, अडखळत पण एकही शब्द न गाळता. नंबरापाशी बोट थांबवून सातबाऱ्याकडे पाहिलं, परत पडद्याकडे पाहिलं. मी मान डोलवत होतो.

"बराबर हाय," ती म्हणाली. "वाट मिळंल आता. पन गंजीला खालून मोड आलेत."

मी विचारलं, "वाचता येतं व्हय तुमाला?"

"सातवी झालेय की. चष्मा तवाबी पिशवीतच व्हता दादा," ती चष्म्याचा दोरा गुंडाळत म्हणाली. "तुमी वाचायलाव म्हनून काढला न्हाई."