दगड जागेवरच राहतील

सायकलवरून पडलेल्याचं ढोपर आठवड्यात बरं होतं, पण तो कसा पडला हे बाकीचे वर्षानुवर्षं सांगत राहतात. आमच्या ग्रुपमध्ये पडणारे भरपूर आणि सांगणारे त्याहून जास्त. शिवाय आमच्यात दामलेकाका होते, म्हणजे न पडताही किस्से व्हायचे.

तेव्हा हिंजवडीत कंपन्या भराभर उभ्या राहत होत्या. माझ्या आणि ऑफिसातल्या रोहनच्या हातात पहिले पगार आले, त्यातून गिअरच्या सायकली आल्या आणि डोक्यात कल्पना आली. खडकवासल्याच्या मागे, डोंगरातल्या एका गावात माउंटन बाइकिंगचा ट्रेल करायचा. शहरातले लोक सायकली घेऊन येतील, गावात जेवतील, राहतील, गावाला चार पैसे मिळतील. कल्पना चांगली होती. मग पुण्याच्या रीतीप्रमाणे तिची समिती झाली.

अध्यक्ष आमच्या सोसायटीतले दामलेकाका. पात्रता, वय. सरकारी नोकरीत रस्ते बांधून रिटायर झालेले, त्यामुळे जमिनीवरच्या कुठल्याही गोष्टीवर शेवटचा शब्द त्यांचा.

पहिल्या बैठकीत मी अर्धा तास बोलले. काकांनी शांतपणे ऐकलं.

"ट्रेल म्हणजे मराठीत काय?"

"पायवाट."

"ती डोंगरात आहे?"

"आहे."

"मग बैठक कशासाठी आहे?"

*

रोहन पहिल्यांदा घाट चढायला निघाला, तेव्हा मागून दुधाचा टेम्पो आला. ड्रायव्हरनं घामाघूम रोहनकडे बघितलं, खाली उतरला, सरळ सायकल उचलून टेम्पोत टाकली. रोहन "अहो, मी मुद्दाम चढतोय" म्हणत राहिला.

"असू दे, लाजू नका," ड्रायव्हर म्हणाला.

पुढच्या रविवारी ट्रॅक्टर थांबला. त्याच्या पुढच्या रविवारी एक म्हातारे आजोबा बैलगाडी थांबवून उभे. रोहननं त्यांना सांगितलं की हा व्यायाम आहे. आजोबांनी बराच विचार केला आणि विचारलं, "मंग शेतात का न्हाई करत?"

गावच्या सरपंच सुनीताताई. त्यांना खरी काळजी वेगळीच होती. त्यांनी मला बाजूला घेतलं. "पोरगा शिकल्यालाय, कंपनीत हाय म्हणता. मंग घरचे त्याला गाडी का घेऊन देत न्हाईत?"

*

ट्रेलवर पाट्या हव्या होत्या. मी बाण आणि सोपी चित्रं काढून आणली. काकांनी ती बघितली, माझ्या हातात परत दिली आणि स्वतः मजकूर लिहून आणला.

"पुढे तीव्र उतार आहे. पडल्यास स्वतः उठावे."

"दगड जागेवरच राहतील. आपण वळावे."

आणि सगळ्यात वर, जिथून धरणाचं पाणी दिसतं तिथे, "देखावा डावीकडे आहे. थांबून पाहावा. चालवताना पाहणाऱ्यांनी वरील पाटी क्रमांक एक पुन्हा वाचावी."

मी म्हटलं, "काका, लोक इथे मजा करायला येणार आहेत."

"पाट्या वाचून करतील."

वाईट याचं वाटतं, की लोक अजूनही त्या पाट्यांसोबतच फोटो काढतात.

*

गावात जायला फाट्यापासून एकच रस्ता. कागदावर डांबरी, प्रत्यक्षात खड्डे आणि मधे मधे आठवणीपुरतं डांबर. सुनीताताई दुरुस्तीचे अर्ज करून करून थकल्या होत्या. जीपमध्ये आमची डोकी टपाला आपटायची. काका मात्र फाटा आला की डोळे मिटायचे आणि गाव आलं की उघडायचे. त्या रस्त्यावर झोप लागणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

एकदा मी वैतागून विचारलं, "काका, हा रस्ता कुठल्या गाढवानं केलाय?"

"चालत्या गाडीत बोलू नये," काका डोळे न उघडता म्हणाले. "जीभ चावते."

*

शेवटी बंगळूरहून थॉमस यायचा ठरला. देशभर सायकलवाल्यांच्या टूर काढणारा माणूस. त्याला ट्रेल आवडला तर हिवाळाभर ग्रुप येणार, नाही आवडला तर सगळंच संपलं. सुनीताताईंनी बचत गटाच्या बायकांना शब्द दिला होता. खोल्या सारवल्या, नवी ताटं आणली.

"त्याला पटलं न्हाई," त्या म्हणाल्या, "तर ह्या बाया पुन्हा माझं ऐकायच्या न्हाईत."

रविवारी सकाळी आम्ही ट्रेलच्या तोंडाशी पोचलो आणि रोहननं विचारलं, आपला ट्रेल कुठे गेला?

पाहुणा येणार म्हणून आदल्या दिवशी गावानं श्रमदान केलं होतं. सगळे दगड वेचून कडेला लावलेले, त्यांना चुना फासलेला. सायकली उडाव्यात म्हणून आम्ही महिनाभर खपून केलेले उंचवटे कापलेले, खड्डे मुरमानं भरलेले. वर पाणी मारलेलं. सुरुवातीला रांगोळी. फक्त काकांची पाटी तेवढी उभी होती, दगड जागेवरच राहतील म्हणून.

"कसं झालंय?" सुनीताताईंनी विचारलं. सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या.

"छान," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

थॉमसनं रांगोळीवरून सायकल उचलून नेली, बागेत फिरावं तसा फेरी मारून आला आणि फार सभ्यपणे म्हणाला, "व्हेरी नीट." मग जेवणाला वेळ आहे म्हणून सहज फाट्याकडे सायकल सोडली.

तासभर आला नाही. पिठलं निवलं. सुनीताताई भाकऱ्या झाकत राहिल्या. मग तो लांबून दिसला, डोक्यापासून पायापर्यंत लाल धुळीनं माखलेला. हुश्श म्हणेपर्यंत तो अंगणात आला, गटागटा पाणी प्यायला आणि परत फाट्याकडे गेला.

"पाहुणा रुसला का?" एका बाईनं विचारलं.

तिसऱ्या फेरीनंतर तो जेवायला बसला. एवढा भारी उतार त्यानं कुठेच पाहिला नव्हता म्हणे. काय ते खड्डे, काय त्या कडा, पुढे काय येईल याचा पत्ताच लागत नाही! डिसेंबरपासून ग्रुप आणतो, पण एकच अट, त्या रस्त्याला कुणी हात लावायचा नाही.

मी मराठीत सांगितलं. सुनीताताईंनी पदरानं डोळे पुसले, मग थबकल्या. "मंजी आता अर्ज माघारी घ्यायचा?"

थॉमसनं भाकरी मोडली आणि विचारलं, हा रस्ता डिझाइन कुणी केला?

दामलेकाकांनी हातातला घास ताटात ठेवला, ताठ बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासमोर इंग्रजीत बोलले.

"मायसेल्फ. जस्ट बिफोर रिटायरमेंट."