ओटीवरची नक्षी आणि गळालेलं कमळ

मंडळी, आज अब्रू वाचली! उद्या धाकट्या नणंदेला बघायला पाहुणे येणार, म्हणून ओटीच्या चुना दिलेल्या भिंतीवर नक्षी उठवायला मी घासलेटचा डबा कापून कमळाचा साचा केला. पाकळ्यांमधल्या जोडपट्ट्या ठेवायच्या विसरले आणि अख्खं कमळच गळून पडलं. उरलं नुसतं भोक! सासूबाई म्हणाल्या, "आख्ख्या जव्हार संस्थानात एकच शहाणी, तीही आमच्याच घरात."

मी रडायच्या बेतात होते, तेवढ्यात पोशेरा गावची मोळीवाली आली. अळीनं खाऊन जाळी झालेलं सागाचं पान तिनं पुढे केलं. "बाय, हा भिंतीला लाव नं वर गेरू थाप."

थापला. पान उचललं, तर शिरांची पांढरी जाळी भिंतीवर! सासूबाई स्वतःच दुसरं पान मागायला लागल्या.

आता सांगा, उद्या पाहुण्यांनी विचारलं, "नक्षी कुणी कोरली?" तर अळीचं नाव घेऊ की नणंदेचं?