अण्णाजींची रविवारची धुलाई

सेलूत कोणाला लग्नपत्रिका छापायची असली, की तो अण्णाजींच्या प्रेसची पायरी चढायचा. अण्णाजी नात्यानं माझे कोणी नाहीत. ते बाबांचे शाळेपासूनचे मित्र. मला रागावायचा हक्क त्यांनी परस्परच घेऊन टाकला होता, म्हणून त्यांच्यावर रागावायचा हक्क मीही घेतला. अंगानं काटकुळे, कानामागे पेन्सिल, आणि बोटांत शाई इतकी मुरलेली की जेवतानाही ती दिसायची.

नव्वद-ब्याण्णवपर्यंत ते शिशाचे खिळे, म्हणजे एकेक सुटं अक्षर, हातानं जुळवून छापत. एखादं पान पुन्हा लागणार असेल तर ते तसंच दोऱ्यानं बांधून ठेवायचं. दर रविवारी मशीन बंद करायचं, काम झालेली पानं रॉकेलनं धुवायची आणि खिळे सुटे करून आपापल्या खणात टाकायचे. याला ते धुलाई म्हणत. दुसरी एक सवय म्हणजे, प्रेसचं नाव आणि छापल्याची तारीख तळाशी टाकल्याशिवाय त्यांचा एकही कागद बाहेर पडत नसे. तेरवीच्या कार्डावरसुद्धा. लोक हसायचे. अण्णाजी म्हणायचे, "तारीख नाई तर कागदाले बापाचं नाव नाई."

आमच्या समाजाची वधू-वर पुस्तिका दरवर्षी तेच काढत. पुस्तिका हातात पडेपर्यंत तिच्यातल्या निम्म्या मुलींची लग्नं ठरलेली असत. त्याला कंटाळून २००४ मध्ये, छप्पन्नाव्या वर्षी, त्यांनी नागपूरच्या स्वप्निल नावाच्या प्रोग्रामरकडून वेबसाइट करून घेतली. मी प्रेससमोरच्याच कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचे. माउस धरायला त्यांना मीच शिकवलं. सुरुवातीला ते माउस उचलून पडद्यालाच लावायचे.

साइट चालली, पण रखडत. एक पान उघडेपर्यंत चहा पिऊन व्हायचा, कारण कोणीही पाहायला आलं की प्रत्येक वेळी सगळी माहिती गोळा करून पान नव्यानं तयार व्हायचं. अण्णाजींनी स्वप्निलला फोन लावला. "एकडाव जुळवलेलं पान मी बांधून ठेवतो. दुसरा आला का तेच देतो. तुमी दरवेळी खिळे काऊन जुळवून राह्यले?"

स्वप्निलनं तसंच केलं. पहिला माणूस आला की पान तयार होणार, ते साठवलं जाणार आणि पुढच्या सगळ्यांना तेच दिसणार. साठवलेली पानं एकदम पुसायला एक बटण दिलं. अण्णाजींनी त्याच्यावर 'धुलाई' असं लिहून घेतलं आणि ते दर रविवारी दाबायचा नेम धरला. प्रत्येक पानाच्या तळाशी 'हे पान तयार केले' म्हणून तारीख आणि वेळही टाकायला लावली. स्वप्निल म्हणाला, याची काही गरज नाही. अण्णाजी म्हणाले, टाकाच.

त्याच साइटवर २००७ च्या जानेवारीत माझं स्थळ जुळलं. मुलगा धर्मेंद्र, आष्टीचा, घरचं कापडाचं दुकान. पाहायला आला तेव्हा सगळे माझ्या स्वयंपाकाबद्दल विचारत होते आणि त्यानं विचारलं, "क्लास सोडावा लागन म्हणून वाईट वाटते का?" मला तो आवडला. हे सांगायला आता लाजायचं काही कारण नाही.

अकरा फेब्रुवारीला, रविवारी, केळझरला गणपतीच्या देवळाजवळ साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झालं. अण्णाजी नवी टोपी घालून आले होते आणि जेवणाच्या पंगतीत सगळ्यांना सांगत होते, "पोरीचं नाव साइटवरून काढूनच निंघालो मी." त्यांच्याच साइटवरचं ते पंचविसावं जुळलेलं लग्न होतं.

गुरुवारी सकाळी आष्टीहून आनंदरावांचा, म्हणजे धर्मेंद्रच्या वडिलांचा, फोन आला. बाबा, म्हणजे बंडूजी, फोनवर नुसते "नाई, नाई" म्हणत राहिले. आनंदराव आष्टीच्या इंटरनेट कॅफेत बसले होते. पडद्यावर माझा फोटो होता आणि खाली 'स्थळ पाहणे आहे' असं लिहिलं होतं. त्यांनी त्या पानाचा छापील कागदही काढून घेतला होता. ते एवढंच म्हणाले होते, "साक्षगंध झाल्यावरबी तुमी पोरीसाठी स्थळं पाहून राह्यले असान, तर आमाले सांगून टाका. संध्याकाळपर्यंत साडी-अंगठी परत पाठवा."

आई देवापुढे जाऊन बसली. बाबा पायात चप्पल न घालताच प्रेसमध्ये गेले आणि त्यांच्यामागे मी.

अण्णाजींनी साइट उघडली. माझं नाव नव्हतं. यादीत नाही, फोटो नाही, काही नाही. "हे पाह्य," ते म्हणाले, "रविवारीच काढलं मी. त्याईच्या कॉम्प्युटरनं जुनं पान धरून ठेवलं असन." मला ते पटलं. कॉम्प्युटर पाहिलेलं पान स्वतःजवळ ठेवतो, हे मी मुलांना रोजच शिकवायचे. मी आष्टीच्या कॅफेत फोन करून तिथल्या माणसाला सगळी साठवण पुसायला सांगितली. त्यानं पुसली. माझा फोटो होताच. दुसरं मशीन पाहा म्हटलं. त्याच्यावरही मी होतेच.

बाबांचा चेहरा उतरला. ते हळूच म्हणाले, "आनंदरावले लग्नच मोडायचं हाय. बहाणा पाह्यला त्यानं." खरं सांगते, क्षणभर मलाही तसंच वाटलं. त्या क्लासच्या प्रश्नासकट धर्मेंद्रचा मला राग आला.

त्याच रागात मी रस्ता ओलांडून माझ्या क्लासमध्ये गेले आणि तिथल्या कॉम्प्युटरवर साइट उघडली. मीच होते. हिरव्या साडीतला फोटो, खाली 'स्थळ पाहणे आहे'.

म्हणजे आनंदराव खोटं बोलत नव्हते! मला इतकं बरं वाटलं की मी दारातूनच ओरडले, "अण्णाजी, मी अजून इथंच आहो! या लवकर!" समोरच्या किराणावाल्यानं मान वर करून पाहिलं.

अण्णाजी धावत आले. माझ्या पडद्याकडे पाहिलं, परत प्रेसमध्ये गेले, पुन्हा आले. दोन मशीनमध्ये एका रस्त्याचं अंतर आणि दोन्हीकडे एकच साइट वेगवेगळी. मी विचारलं, "तुमी साइट कशी उघडता?"

"कशी म्हंजे? मालकाच्या नावानं, पासवर्ड टाकून."

"कधी बिनापासवर्डची पाह्यली?"

अण्णाजींनी नकारार्थी मान हलवली. तीन वर्षांत एकदाही नाही! आम्ही प्रेसमध्ये गेलो. त्यांनी लॉगआउट केलं आणि साइट परक्या माणसासारखी उघडली. हिरव्या साडीत मी हजर. मालकाला साइट दरवेळी ताजं पान तयार करून देत होती. बाकी जगाला बांधून ठेवलेलं.

"म्हंजे मी आपला प्रूफच पाह्यत बसलो," अण्णाजी म्हणाले. "छापून बाहेर काय गेलं ते पाह्यलंच नाई." मग त्यांनी कपाळावर हात मारला. रविवारी त्यांनी नाव काढलं आणि धुलाई करणार, तेवढ्यात केळझरला न्यायला आलेली जीप बाहेर हॉर्न वाजवायला लागली. ते तसेच उठले. हॉर्न कोण वाजवत होतं हे मी विचारलं नाही, नुसतं बाबांकडे पाहिलं, तर ते खिडकीबाहेर पाहू लागले.

मी बटण दाबायला हात पुढे केला, तर अण्णाजींनी तो धरला. "थांब. आता पुसलं तर आनंदराव म्हणतीन, पकडल्यावर काढलं." ते खरंच होतं. आमची चूक सुधारणं हाच आमच्याविरुद्ध पुरावा झाला असता. अण्णाजी पडद्यावरचं पान खाली सरकवत गेले, तळापर्यंत. तिथे बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

त्यांनी स्वतः आनंदरावांना फोन लावला. "आनंदराव, मी अण्णाजी, साइटवाला. चूक माही हाय, बंडूजीची नाई. पण एक काम करा. तुमच्या हातात जो कागद हाय, त्याची सगळ्यात खालची ओळ वाचा."

पलीकडून कागदाचा आवाज आला. मग आनंदराव सावकाश वाचू लागले, "हे पान तयार केले... सहा फेब्रुवारी... दुपारी बारा वाजून..." आणि थांबले.

"साक्षगंध कधी झालं?" अण्णाजींनी विचारलं.

"अकराले." पलीकडे पुन्हा कागद वाजला. मग आनंदराव म्हणाले, "म्हंजे साक्षगंधाच्या पाच दिवस आधीचं शिळं पान पाहून मी बंडूजीले एवढं बोललो का?"

अण्णाजींनी त्यांना पानं बांधून ठेवायची सगळी कथा सांगितली, मग त्यांच्यासमोर, म्हणजे फोनवर, बटण दाबलं. आष्टीत पान पुन्हा उघडलं तेव्हा मी नव्हते. जीव भांड्यात पडला. बाबा खुर्चीत बसले आणि चक्क रडले. आनंदरावांनी त्यांना फोनवर बोलावून माफी मागितली आणि शेवटी म्हणाले, "पत्रिका अण्णाजीकडंच छापा. खाली तारीख टाकाले लावजा."

साडी माझ्याकडेच राहिली. स्वप्निलनं दुसऱ्याच दिवशी असं करून दिलं, की नाव काढलं की ते साठवलेलं पानही आपोआप पुसलं जाईल. रविवारची धुलाई आता नुसत्या सवयीची उरली होती, तरी अण्णाजींनी ती सोडली नाही. शिवाय ते रोज सकाळी माझ्या क्लासमध्ये यायचे, पासवर्ड न टाकता साइट पाहायचे आणि परत प्रेसमध्ये जायचे.

मे महिन्यात लग्न झालं. आष्टीला गेल्यावर चौथ्या दिवशी मी प्रेसमध्ये फोन केला. सासर कसं आहे, नवरा कसा आहे, असलं काही त्यांनी विचारलं नाही.

"रुचे, तिथल्या कॅफेत जाऊन पाह्यलं का? नाव दिसते का तुहं?"

"नाई दिसत, अण्णाजी."

"मंग सुखात राहा," ते म्हणाले आणि फोन ठेवून दिला.