पलंगाखालची अढी

भाताच्या पेंढ्यात पिकणाऱ्या आंब्याचा वास आला की मला माझी पहिली ऑनलाइन परीक्षा आठवते. मी माहिती सुरक्षेत एम.टेक. करत होते, आणि रत्नागिरीच्या आमच्या घरात दार लागेल अशी खोली एकच. सासूबाईंनी ती दिली, पण बजावून: "पलंगाखाली आंब्यांची अढी लावलीय, तिला हात लावायचा नाय हां. एकदा मोडली की आंबे धड पिकत नाहीत." पेपरच्या आधी पर्यवेक्षकाला कॅमेऱ्यातून सगळी खोली दाखवावी लागे. मी लॅपटॉप पलंगाखाली धरला तसा लॅपटॉपमधून त्याचा आवाज आला, "मॅडम, तो पेंढा बाहेर काढा, नाहीतर पेपर रद्द होईल." माझं डोकं तापलं. मी म्हटलं, "बंदी घालण्याआधी धोका कोणता ते ठरवा, हे तुमच्याच अभ्यासक्रमाच्या पहिल्या धड्यात आहे. धोका सांगा." तो म्हणाला, "पेंढ्यात फोन लपवता येतो." "तो ओढणीतही लपवता येतो. मग ओढणीही काढायला सांगणार का?" तो हळूच म्हणाला, "सुरू करा." दाराबाहेर सासूबाईंनी सगळं ऐकलं असणार, कारण त्या अढीतला पहिला आंबा देवापुढे गेला आणि दुसरा, मुलांच्याही आधी, माझ्या हातात आला. आता मी एका कंपनीची सुरक्षा सांभाळते. कोणी नवा नियम घेऊन आला की आधी धोका विचारते, आणि उत्तर मिळेपर्यंत काहीच जागचं हलवत नाही.